बाईंचं पान

बाईंचा मला राग कधीच आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. राग येतो आणि जातो. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि हेवा एकदा आला की बिऱ्हाड करून राहतो.

आमची कंपनी कर्जतच्या बाहेर, चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्यात आहे. मालक मूळचे मुंबईचे. लॉकडाउनमध्ये या सुट्टीच्या बंगल्यात राहायला आले ते परत गेलेच नाहीत, आणि मग हळूहळू त्यांनी कंपनीच इकडे आणली. हॉलमध्ये टेबलं लागली, झोपायच्या खोलीत मीटिंगा होऊ लागल्या. मागच्या अंगणात एक जांभळाचं झाड आहे, त्याखाली जेवणाचे डबे उघडतात. मी तिथे डॉक्युमेंटेशन लिहितो, म्हणजे प्रोग्रामर मंडळी जे बनवतात ते वापरायचं कसं, हे लिहून ठेवतो. पुण्यात बरीच वर्षं हेच केलं. वडील गेल्यावर साजगावला आईजवळ परत आलो आणि इथे लागलो. या भागात हे काम जाणणारा मी एकटाच होतो. ते एकटेपण मला फार आवडायचं, हे बाई आल्यावर कळलं.

बाई चौकच्या. जुन्या हायवेला लागून त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्या तिथेच वाढल्या. पुढे ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या, म्हणून सगळे 'बाई'च म्हणत. कॉलेज त्यांनी प्राचार्यांशी भांडून सोडलं. परीक्षेत शेवटची घंटा झाली तरी बाई मुलांच्या हातातून पेपर घेत नसत. "वाक्य अर्धं हाय त्याचं, पुरं करू दे की," म्हणून उभ्या राहायच्या. तीनदा मेमो मिळाला. चौथ्यांदा बाईंनीच राजीनामा लिहिला आणि तो देताना प्राचार्यांना त्यांच्याच मेमोतली एक चूक दाखवून आल्या. हा किस्सा त्या मोठ्या आवाजात, स्वतःवर खूश होऊन सांगत. विनय वगैरे त्यांच्या गावी नव्हता.

मुलाखतीत मालकांनी विचारलं होतं, "तुम्ही आधी कधी डॉक्युमेंटेशन केलंय का?"

"घरी पाव्हणे आले की करते," बाई म्हणाल्या. "मोरी कुठं, पाणी कुठं, कुत्रं चावतं का. घराचा इतिहास नाय सांगत बसत."

मालक हसले. मी त्या मुलाखतीला बसलो होतो. मी हसलो नाही, कारण माझ्या प्रत्येक पानाची सुरुवात इतिहासानेच व्हायची.

सुती साडी, खाली पळायचे बूट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. छत्री उघडलेली मी क्वचित पाहिली. ती दाखवायला, ठोकायला आणि खुर्ची अडवून ठेवायला असे. चहाचा शेवटचा घोट त्या कधीच घेत नसत. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचे तळाशी चहा राहिलेले कप ओळीने उभे असत आणि मालकांच्या बायकोची त्यावरून रोज कुरकुर चाले. फोन आपण होऊन ठेवायचा नाही, समोरच्याने ठेवायची वाट बघायची, हाही एक नेम. लग्नाला गेल्या की शेवटची पंगत उठेपर्यंत थांबत आणि मग आत जाऊन आचाऱ्यांना विचारत, "तुमी जेवलात का?" कॉलेजात उभा जन्म शुद्ध बोलण्यात गेला, आता जिभेला सुट्टी, असं म्हणून ऑफिसात त्या घरचंच बोलत. प्रमाण मराठी फक्त रागावल्यावर निघे. त्यामुळे बाई 'आपण असं का केलंत?' म्हणाल्या की प्रोग्रामर घाबरायचे.

त्या बसून लिहीत नसत. छत्री हातात घेऊन जांभळाखाली फेऱ्या मारत, समोर कुणीतरी आहे असं धरून बोलत. मग आत येऊन दोन बोटांनी टाइप करत. मी एकदा म्हटलं, "बाई, आधी आराखडा केला तर वेळ वाचतो."

"अरं, तोंडातून निघत नसंल ते कागदावर तरी कशाला काढायचं?"

यावरचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी गाडीवरून येताना पळसदरीजवळ सुचलं, पण तोवर उशीर झाला होता.

पण खरा हेवा वाटायचा तो याचा नाही. आमचे प्रोग्रामर माझ्या मेसेजला दोन-दोन दिवस उत्तर देत नसत. तेच बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहत, आपण होऊन. त्यांनी समजावून सांगितलं की बाई सरळ म्हणत, "कळलं नाय." परत सांगितलं की परत, "नाय कळलं." तिसऱ्यांदा सांगताना तो पोरगा स्वतःच मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "थांबा बाई, इथं आमचंच काहीतरी चुकलंय." मी आजवर एकाही मीटिंगमध्ये 'कळलं नाही' म्हटलेलं नाही. मान डोलावतो आणि घरी जाऊन शोधत बसतो. ते दोन शब्द बिनदिक्कत उच्चारता येणं हे केवढं ऐश्वर्य आहे, हे ज्याला येत नाही त्यालाच ठाऊक.

मग ते टूल आलं.

हल्ली एआयचे एजंट आपल्यासाठी कामं करतात. त्यांना सांगितलं, अमुक ठिकाणची यादी आण, तर ते त्या ठिकाणच्या यंत्रणेकडे जाऊन यादी मागतात. पण कुठलीही यंत्रणा सगळी यादी एकदम देत नाही. एक पान देते आणि खाली खूण ठेवते, की पुढचं पान हवं असेल तर हे दाखवून परत माग. एजंट पुष्कळदा पहिलं पान घेतो आणि तेच सगळं समजून परत फिरतो. आमच्या पोरांनी बनवलेलं टूल ती खूण ओळखून पुढची पानं आपोआप आणायचं, शेवटच्या पानापर्यंत. काम छान होतं. अडचण एवढीच की ते वापरायचं कसं, हे माणसांना नाही तर एजंटलाच लिहून सांगायचं होतं. वाचणारा तोच.

पोरांनी हे सगळं सांगितल्यावर बाई एकदम खुलल्या. "म्हणजे जावईच की हा! नव्या जावयाला पहिल्यांदा वाढलं तेवढं खातो. परत मागत नाय. पोट भरलं म्हणतो. लाजतो मेला."

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात एजंटला जावईच म्हणतात. मुंबईच्या ग्राहकांसमोरसुद्धा एकदा कुणाच्या तोंडून निघून गेलं. मी मात्र अजून एजंटच म्हणतो.

मालकांनी आम्हा दोघांना ते पान वेगवेगळं लिहायला सांगितलं. लिहायचं इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत सांगतो. माझं पान देखणं होतं. परिचय, पूर्वतयारी, वापर, मर्यादा, सगळं जागच्या जागी. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांना दाखवावं असं. बाईंचं पान असं सुरू होत होतं: 'तुला जे पहिलं पान मिळेल ते सगळं नव्हे. पुढची पानं हे टूल आणतं. ती तू स्वतः मागू नकोस. टूल थांबलं की ते का थांबलं ते आधी बघ, मग बोल.'

मी मनात म्हटलं, ही काय भाषा झाली?

पोरांनी दोन कोरे एजंट घेतले, ज्यांना दुसरं काहीच माहीत नव्हतं. एकाला माझं पान दिलं, एकाला बाईंचं. माझ्या एजंटने पान वाचलं, टूल चालवलं आणि टूल पानं आणत असतानाच स्वतःही पानं मागायला लागला. यादीतली नावं दुप्पट झाली. बाईंचा एजंट गप्प बसून राहिला, टूल संपल्यावर एकदाच बोलला आणि बरोबर बोलला. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माझ्या टाळ्यांचा आवाज मला इतरांपेक्षा मोठा वाटला.

"तुझं पान दिसायला ग्वाड हाय रं," बाई मला म्हणाल्या. "लग्नपत्रिकेसारखं."

त्या हे कौतुक म्हणून बोलल्या, यात मला शंका नाही. घरी गेल्यावर आईने ताट वाढलं तेव्हा मी म्हटलं भूक नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर आम्हाला मोठं काम मिळालं. आमच्या खालापूर भागात कारखाने पुष्कळ. त्यांतल्या काहींनी मिळून एक सुरक्षा विभाग काढला होता. कधी वायुगळती झाली तर आजूबाजूच्या गावांना ताबडतोब फोन जावेत, अशी व्यवस्था त्यांना हवी होती. गावांतल्या लोकांची नंबरांसकट यादी त्यांच्या यंत्रणेत होती, गावांच्या इंग्रजी नावांप्रमाणे लावलेली. एजंटने ती यादी आणायची, फोन लावायला द्यायची आणि काय झालं ते पडद्यावर सांगायचं. मध्ये आमचं टूल.

त्या विभागाचे साहेब बंगल्यावर आले. उंच, टापटीप, बोलताना टेबलावरच्या वस्तू सरळ करणारे. त्यांनी एजंटच्या सूचनांचं पान वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. बाईंचं वाक्य होतं ते: 'मध्येच थांबावं लागलं तर "सगळे" हा शब्द वापरायचा नाही. कोण राहिलं, त्याचं नाव घेऊन सांगायचं.'

"हे काढा," साहेब म्हणाले. "सराव असेल, तहसीलची माणसं बसलेली असतील, आणि मशीन म्हणणार मला पूर्ण मिळालं नाही? आमची शोभा होईल. मशीनने आत्मविश्वासाने बोलायला हवं."

मालकांनी बाईंकडे पाहिलं.

"आत्मविश्वासाने म्हणजे खोटं, असं आपल्याला म्हणायचं आहे का?" बाईंनी विचारलं. शुद्ध मराठीत.

"बाई, एका वाक्याचा तर प्रश्न आहे," मालक म्हणाले.

"मग जावयाला खोटं बोलायला शिकवा. मी नाय शिकवणार." छत्री उचलली आणि जांभळाखाली निघून गेल्या. काम जाईल, नोकरी जाईल, काही चेहऱ्यावर नाही. तिथे जाऊन त्यांनी डबा उघडलेला मला खिडकीतून दिसत होता.

साहेब गेल्यावर मालकांनी मला बोलावलं. "तू कर हे. नीट, सभ्य भाषेत. आजपासून ते पान तुझं."

ज्याची मी वाट पाहत होतो तेच हे. मी दार लावून बसलो. बाईंचं वाक्य पुसलं आणि माझं लिहिलं. मग पोरांना सांगितलं, यादी देणारी यंत्रणा अर्ध्यात अडवून धरा, म्हणजे खरोखर बिघाड झाल्यासारखं होईल. एजंटला माझं पान दिलं. त्याने मिळाली तेवढी यादी घेतली आणि अदबीने सांगितलं, 'सर्व ग्रामस्थांना कळवण्यात आले आहे.' मी वाक्य बदललं. परत तेच, जरा आणखी अदबीने. 'शक्य तितक्या' घातलं, 'उपलब्धतेनुसार' घातलं. पुण्यात शिकलेली सगळी गोड वळणं वापरून झाली. दरवेळी एजंट खूश होऊन सांगायचा, झालं. आणि दरवेळी फोन न गेलेल्यांची गावं मी बाजूला काढून बघायचो. यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे, त्यामुळे साजगाव दरवेळी राहिलेल्यांत. कारखान्याच्या भिंतीपासून आमचं अंगण दिसतं.

संध्याकाळी मी बाईंचं वाक्य होतं तसं परत ठेवलं. एक शब्दसुद्धा बदलता आला नाही. मी खरंच प्रयत्न केला होता, निदान एखादा शब्द तरी माझा असावा म्हणून.

मालकांना जाऊन सांगितलं, "हे वाक्य राहणार. ते काढलं तर हे काम मी करत नाही."

ते थकून बघत राहिले. "तुम्ही दोघं मिळून मला भीक मागायला लावणार. बरं. साहेबांना मी सांभाळतो. पण मग बाईंचं होतं तसंच असेल, तर पान त्यांच्याच नावावर राहू दे."

म्हणजे आयुष्यात एकदा मी ताठ उभा राहिलो, तेही बाईंच्या नावावर गेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पान उघडलं, वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ठेवलंस व्हय?"

"ठेवलं."

"बरं केलंस." एवढंच. मग चहा प्यायल्या, शेवटचा घोट ठेवून. मी दिवसभर वाट पाहिली की आणखी काही म्हणतील.

सरावाच्या दिवशी त्या नव्हत्या. पोशीरला भाचीचं लग्न होतं, आणि शेवटच्या पंगतीचा नेम मोडणार नव्हता. मालक आणि मी गेलो. एका कारखान्याच्या सभागृहात पडदा लावला होता. साहेब होते, तहसीलचे दोघं-तिघं होते, गावचे सरपंच होते, आणि अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सल्लागार म्हणून पुढच्या रांगेत. भोंगा झाला. मी एजंट सुरू केला. पडद्यावर गावांची नावं सरकू लागली, फोन जाऊ लागले. चौक गेलं. खालापूर गेलं. आणि मग थांबलं. समोरची यंत्रणा एकाएकी उत्तरच देईना. टूलने पुन्हा मागून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग एजंटने पडद्यावर लिहिलं:

'यादीची पुढची पानं मिळाली नाहीत. साजगाव आणि त्यापुढच्या गावांना फोन गेलेले नाहीत. काम अपुरं आहे. या गावांना दुसऱ्या मार्गाने कळवा.'

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काढायला सांगितलं होतं ना हे?"

मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, आता फोन आला होता का?"

"तुझाच आला की."

"त्याच्याआधी? भोंगा झाल्यावर?"

"नाय रं. भोंगा आयकला. म्हटलं पाळी सुटली आसंल. मी भाजी निवडतेय. का रं?"

खरी गळती असती तरी ती भाजीच निवडत बसली असती.

पुढच्या रांगेतले गृहस्थ उठले. "साहेब, सराव कशासाठी करतात?" त्यांनी विचारलं. "हे आज कळलं ते बरं, का खऱ्या दिवशी?" मग ते सरपंचांकडे वळले. "पोरं असतील तर गाड्या काढा. साजगावपासून सुरू करा. दारोदार."

गाड्या निघाल्या. थोड्या वेळाने यंत्रणाही सुरू झाली आणि उरलेले फोन गेले, पण पोरं आधी पोचली होती. आमच्या दारात कुणीतरी येऊन आईला सांगून गेलं, आणि तिने त्याला पाणी दिलं, चहा विचारला.

चहापानाच्या वेळी त्या निवृत्त गृहस्थांनी मालकांना विचारलं, "ते मशीनचं बोलणं फार आवडलं मला. राहिलेल्यांची नावं घेऊन सांगितलं त्याने. कुणी लिहिलं?"

"आमच्या बाईंनी," मालक म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. हातात त्या गृहस्थांसाठीच आणलेला चहाचा कप होता.

"त्यांना माझा नमस्कार सांगा," ते मला म्हणाले.

मी सांगितला. लगेच फोन केला. पलीकडे बँड, पोरांचा कल्ला, कुणीतरी वांग्याची भाजी मागत होतं. सगळं सविस्तर सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. तू जेवलास का रं?"

"बाई, ते तुमच्या वाक्याचं कौतुक करत होते."

"अरं पन तू जेवलास का?"

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. मीच ठेवायचा होता.

त्यानंतर एक गोष्ट राहिली होती. फोनवरचा संदेश यंत्राच्या आवाजात होता, लोक ऐकत नसत. साहेबांनीच सुचवलं की माणसाचा आवाज असावा. तेही आता बाईंचं पान लोकांना दाखवत फिरत होते. मालकांनी मला सांगितलं, तुझा आवाज चांगला आहे. आहेच. मी स्वच्छ उच्चारात संदेश बोललो. 'नमस्कार. ही एक महत्त्वाची सूचना आहे.' चाचणी म्हणून काही घरांना तो पाठवला. जवळजवळ सगळ्यांनी पहिल्या वाक्यालाच फोन कापला. एक आजी म्हणाल्या, "विमावाला व्हता."

मग बाई. खोलीत बसून त्यांना बोलता येईना. समोर माणसं हवीत म्हणाल्या. शेवटी रविवारी चौकच्या विहारात वंदना झाल्यावर माणसं बसवून ठेवली आणि बाई त्यांच्यासमोर बोलल्या. मी माइक धरून उभा होतो. 'आवो, फोन ठेवू नका. मी चौकची बाई बोलतेय.' मागे कुणीतरी खोकलं. मी म्हटलं परत घेऊ. बाई म्हणाल्या, "राहू दे. घरात माणसं खोकतातच." तो संदेश लोक शेवटपर्यंत ऐकतात.

वर्षभराने बाई गेल्या. म्हणजे नोकरी सोडली. गॅरेज चालवणाऱ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला होता. बंगळूरच्या एका कंपनीने बाईंना बोलावलं होतं, मालकही काय हवं ते द्यायला तयार होते. बाईंनी सोमवारी सांगितलं आणि मंगळवारी टेबल रिकामं. मालकांच्या बायकोने खिडकीतले कप धुऊन ठेवले आणि म्हणाली, "आता ऑफिस कसं स्वच्छ दिसतंय." पण म्हणताना खिडकीकडेच बघत होती.

ते पान आता माझ्याकडे आहे. आता तरी हेवा संपायला हवा होता. मध्ये एकदा चौकवरून जाताना गॅरेजपाशी थांबलो. बाई एका टेंपोच्या पुढ्यात उभ्या होत्या, साडीचा पदर खोचलेला, पायात तेच बूट. ड्रायव्हर काहीतरी सांगत होता.

"कळलं नाय," बाई म्हणाल्या. "आवाज कधीपास्नं येतो? चढावर का उतारावर? परत सांग."

तो परत सांगू लागला, आणि सांगता सांगता थांबला आणि डोकं खाजवू लागला. मी ओळखीचं हसलो.

बाईंनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आईची चौकशी केली. मी वाट पाहत होतो की टूलचं विचारतील, पानाचं विचारतील. टूलमध्ये बरेच बदल झाले होते आणि मी त्यांचं एक वाक्य हलवावं की नाही या विचारात महिना घालवला होता. मीच म्हटलं, "बाई, तुमचं पान अजून तसंच ठेवलंय."

"कुठलं पान?" त्यांनी विचारलं. मग आठवलं. "हां, जावयाचं! अरं, बदल की, काय बदलायचं ते. माझं काय त्यात?"

आणि त्या टेंपोकडे वळल्या. नाटक नव्हतं त्यात. ज्या पानासाठी मी इतका जळलो, जे पुसता आलं नाही आणि लिहिताही आलं नाही, ते त्या कधीच विसरून गेल्या होत्या. त्या दिवशी मला जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. असं सोडता येणं!

परवा मी रजेवर होतो. दुपारी आई पाटावर बसून तांदूळ निवडत होती. कारखान्याचा भोंगा झाला आणि तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून समोर ठेवला.

'आवो, फोन ठेवू नका. मी चौकची बाई बोलतेय. हा सराव हाय, घाबरू नका. घरात म्हातारं माणूस, बारकं पोर कोण हाय त्याला आधी जवळ घ्या. दारं-खिडक्या लावा. ओलं फडकं हाताशी ठेवा. शेजारी कोण एकटं हाय का बघा.'

"हाय ना, यशोदा हाय," आई फोनला म्हणाली.

'कळलं असंल तर एक दाबा. नसंल कळलं तर दोन दाबा, मी परत सांगते.'

आईने पदराला हात पुसला आणि दोन दाबलं.

"आई, तुला कळलं नाही का?" मी विचारलं.

"कळलं की."

"मग दोन कशाला दाबलंस?"

"ती परत सांगते म्हणाली ना." आई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "तू सांगतोस का मला कधी परत?"

फोनवर बाई पहिल्यापासून सांगू लागल्या, आणि मी उठून खिडक्या लावायला गेलो.